नवसागराच्या सतरा पिशव्या

"बर्फ मिळत नाही म्हणून अडून बसू नका," मास्तर म्हणाले. "मी असताना बर्फ लागतोच कशाला?"

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सासऱ्यांना जाऊन दोन तास झाले होते, ते बाहेरच्या खोलीत आपल्या कॉटवर भिंतीकडे मान किंचित कलती करून पडले होते आणि घरातल्या एकालाही काही सुचत नव्हतं. अशा वेळी जो माणूस छाती पुढे काढून बोलतो त्याचं सगळे ऐकतात. तो काय बोलतोय ते कुणी तपासत नाही. मास्तरांचंही कुणी तपासलं नाही.

अडचण होती ती थोरलीची. थोरली म्हणजे मास्तरांच्या बायकोची मोठी बहीण. ती राहायची लांब, गाडीनं यायला अख्खा दिवस लागायचा. दोन महिन्यांपूर्वी वडिलांना भेटायला येते म्हणून तिनं तिकीट काढलं होतं आणि कामाच्या गडबडीत रद्द केलं होतं. पहाटे तिला फोन गेला तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी येईपर्यंत त्यांना नेऊ नका. मला एकदा चेहरा बघू दे." तिची गाडी पोचणार होती संध्याकाळी साडेसहाला.

आणि उन्हाळा असा की सकाळी सातलाच शर्ट पाठीला चिकटत होता. गावाला वीज पुरवणारं यंत्र जळून तीन दिवस झाले होते. पंखे बंद, बर्फाचा कारखाना बंद, आणि रुग्णालयातल्या शवागाराच्या दारावर 'नवीन घेतले जाणार नाहीत' असा कागद चिकटवलेला. पहाटे येऊन दाखला लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी जाता जाता स्पष्टच सांगितलं होतं की या हवेत दुपारी दोन-तीनच्या पुढे ठेवू नका. डॉक्टर तरुण होते, दवाखाना टाकून त्यांना पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं, पण एवढं त्यांना नक्की कळत होतं.

मास्तर बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. सासरे चाळीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होते. लोखंडाच्या रंगावरून ते किती तापलंय हे सांगणारा हा माणूस जावयाला दर भेटीत एकच प्रश्न विचारायचा, "काय मास्तर, तुमच्या शाळेत कधी काही तापतं की नुसतं फळ्यावरच?" सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, आणि घरी गेल्यावर बायकोशी दोन दिवस नीट बोलायचे नाहीत. आज सासरे विचारायला नव्हते. पण आज त्यांच्यासाठी काहीतरी करून दाखवायची संधी होती आणि ती मास्तरांना सोडवेना. लबाडी नव्हती त्यात. त्यांना म्हातारा मनापासून आवडायचा, तीच तर त्यांची दुखरी जागा होती.

त्यांनी तिथल्या तिथे शिकवायला सुरुवात केली. काही पदार्थ पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर टाकतात, त्याला म्हणायचं उष्मादायी. काही पदार्थ उलट भोवतालची उष्णता ओढून घेतात, ते उष्माग्राही. नवसागर, म्हणजे कल्हईवाले वापरतात ती पांढरी पूड, दुसऱ्या जातीची. पाण्यात टाकली की पाणी गार होतं. शाळेच्या भांडारात तिचा दहा किलोंचा डबा पडून आहे. सासूबाई नवऱ्याच्या पायाशी बसून समोर बघत होत्या. बायकोला हुंदका आवरत नव्हता. मेहुण्यानं, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक मुलानं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्कूटरची किल्ली कुठेय म्हणून विचारलं.

शाळेला सुट्टी होती. भांडाराची किल्ली मास्तरांच्याच खिशात असायची, ती दुसऱ्याच्या हाती दिलेली त्यांना चालत नसे. फळीवर दोन सारखे डबे शेजारी शेजारी होते. एकावर 'नवसागर', दुसऱ्यावर 'कॅल्शियम क्लोराइड', दोन्ही मास्तरांच्याच वळणदार अक्षरात. दुसरा पदार्थ पहिल्याच्या अगदी उलट, पाण्यात पडला की चटका बसेल इतका तापणारा. मास्तरांनी 'नवसागर' लिहिलेला डबा काढला, दोनदा वाचून खात्री केली आणि स्कूटरवर मेहुण्याच्या मागे तो मांडीत धरून बसले.

पिशव्यांची रचना त्यांचीच. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धा किलो पूड भरायची, तिच्यात पातळ प्लॅस्टिकची पाण्यानं भरलेली छोटी पिशवी ठेवायची आणि तोंड घट्ट बांधायचं. पिशवी जागेवर ठेवली की वरून तळव्यानं दाबायची. आतली फुटते, पाणी पुडीत मिसळतं आणि गारवा नेमका हवा तिथे तयार होतो, वाया जात नाही. अशा सतरा पिशव्या त्यांनी बांधल्या. पाठीखाली सहा, दोन्ही कुशींना तीन-तीन, पोटावर तीन, एकेक हाताखाली. प्रयोगशाळेचा नियम म्हणून त्यांनी कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे घातले होते. एकेक पिशवी दाबताना ते आकडा मोजत होते. सतरावी फुटल्यावर त्यांनी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून वरून जाड रजई पांघरली, कडा खोचल्या आणि घाम पुसला.

"आता संध्याकाळपर्यंत चिंता नाही," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांना भरून आलं. वीस वर्षांत त्या बाईनं आपल्या हुशारीकडे एकदाही असं पाहिलं नव्हतं. ते मागच्या पायरीवर जाऊन बसले, हातमोजे नळाला वाळत टाकले आणि भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला.

दहा वाजून गेल्यावर बायकोनं त्यांना गदागदा हलवून उठवलं. "अहो, आई बोलावतेय. लगेच या."

सासूबाईंनी रजईच्या कडेतून हात आत घालून नवऱ्याचा हात धरला होता. पंचेचाळीस वर्षांचा संसार, शेवटचं हात धरून बसावं एवढीच त्यांची इच्छा. पण धरल्यापासून त्यांनी तो सोडला नव्हता आणि त्या कुणालाही सोडवू देत नव्हत्या.

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांचा हात गरम लागतोय."

मास्तरांनी मनगटाला बोट लावलं. गरम होतं. कपाळाला लावलं, ते कोमट होतं आणि त्यावर घामासारखं ओलसर काहीतरी होतं. गळ्यापाशी तर चांगलीच ऊब होती. आणि त्याच क्षणी रजईखालून, पोटाच्या जागेवरून, गुडगुड असा आवाज आला. बायकोनं तोंडावर हात घेतला.

इथे एखादा अडाणी माणूस असता तर घाबरून रजई ओढून काढली असती आणि गोष्ट पाच मिनिटांत मिटली असती. पण मास्तर शिकलेले. त्यांच्या डोक्यात सगळं क्रमानं मांडलं गेलं. सतरा पिशव्या उष्णता ओढून घेतायत. तरी शरीर गरम आहे. म्हणजे पिशव्या ओढतायत त्याहून जास्त उष्णता आतून तयार होतेय. आणि माणसाच्या शरीरात आतून उष्णता कधी तयार होते? मास्तरांनी तीनदा उलटसुलट विचार केला, कुठेच चूक सापडेना.

"आई," ते म्हणाले, "हे गेलेले नाहीत."

सासूबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरचे केस नीट केले आणि म्हणाल्या, "मी म्हणतच होते."

मेहुणा डॉक्टरांना आणायला पळाला. डॉक्टर आले तेच पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत. पहाटे पाच पस्तीसला त्यांनी स्वतःच्या सहीनिशी हा माणूस मेल्याचं लिहून दिलं होतं. आता तो गरम होता. त्यांनी काखेत थर्मामीटर लावला, दोन मिनिटांनी काढला, खिडकीपाशी नेऊन बघितला, झटकला आणि पुन्हा लावला. दोन्ही वेळा पारा एकशे तीनवर.

"ताप आहे," ते पुटपुटले. मग स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन आपलं अनुमान समजावून सांगितलं. सतरा पिशव्या, उष्माग्राही क्रिया, तरीही एकशे तीन. डॉक्टर मान डोलावत राहिले. त्यांनाही शाळेत असाच कुणीतरी मास्तर होता आणि पिशव्या दुसऱ्या जातीच्याही असू शकतात हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी नाडीवर बोटं ठेवली, इतकी घट्ट की त्यांच्याच बोटांतलं रक्त धाडधाड उडत होतं ते त्यांना जाणवायला लागलं.

"एकशे अठरा," डॉक्टर म्हणाले. "नाडी आहे. जोरात आहे."

मेहुण्यानं खिशातून फोन काढला आणि मास्तरांकडे बघितलं. "भाऊजी, ताईला सांगू?"

हा प्रश्न मास्तरांना विचारला गेला होता, डॉक्टरांना नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. सासऱ्यांच्या घरात सासऱ्यांबद्दलचा एवढा मोठा प्रश्न कुणी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतं. "सांग," ते म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर सांग."

फोनमधून थोरलीचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. ती हसत होती की रडत होती ते कळेना, मग डब्यातल्या कुणाला तरी तिनं सांगितलं आणि टाळ्यांचा आवाज आला. अनोळखी माणसं चालत्या गाडीत टाळ्या वाजवत होती. "त्यांना सांगा मी येतेय," ती ओरडून म्हणाली. "सांगा की या वेळी तिकीट रद्द नाही केलं." सासूबाईंनी वाकून नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि शब्दन् शब्द त्यांना सांगितला. सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या.

रुग्णालयाची गाडी बोलावली गेली. ती यायला वेळ होता. डॉक्टर दाखल्याचा कागद शोधत होते, फाडून टाकायला. बायकोनं वाटीत पाणी आणलं, सासूबाई चमच्यानं नवऱ्याचे ओठ ओले करायला लागल्या. ओठांवरचं पाणी गालावरून ओघळून उशीत जात होतं, त्या ते पदरानं टिपत होत्या आणि पुन्हा चमचा भरत होत्या. मध्येच त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

"अहो जावईबापू, त्या पिशव्या काढा की आधी. जिवंत माणसाला गारठवून मारायचंय का?"

बरोबर होतं. मास्तरांनी रजईत हात घातला. हातमोजे मागे नळावर वाळत होते. उघड्या हातानं त्यांनी पाठीखालची पिशवी मुठीत धरली आणि तोंडातून चित्कार निघाला. हात बाहेर काढला तेव्हा तळवा लालबुंद झाला होता.

"एवढी गार?" मेहुण्यानं आदरानं विचारलं.

मास्तरांनी कुशीतली पिशवी चाचपली. पोटावरची चाचपली. मग ते कॉटच्या कडेवर बसले आणि त्यांना गेल्या जानेवारीतली प्रात्यक्षिक परीक्षा आठवली.

परीक्षेत मुलांना दोन्ही पुडी देऊन त्यांची क्रिया उष्मादायी की उष्माग्राही ते ओळखायला सांगायचे. नळीत पाणी घ्या, पूड टाका, नळी हातात धरा, गरम की गार ते लिहा. मुलं नळीला हातच लावायची नाहीत. डब्यावरचं नाव वाचायची आणि पुस्तकातलं उत्तर पाठ लिहून टाकायची. म्हणून यंदा मास्तरांनी दोन डब्यांच्या चिठ्ठ्या आपल्या हातानं अदलाबदल करून चिकटवल्या होत्या. अडतीसच्या अडतीस मुलं फसली. मास्तरांनी सगळ्यांना शून्य दिलं आणि वर अर्धा तास भाषण ठोकलं. नंतर महिनाभर जो भेटेल त्याला ही हकिकत ते रंगवून सांगत होते. सांगण्याच्या नादात चिठ्ठ्या परत बदलायच्या राहिल्या.

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांना वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं हे सांगावं. रुग्णालयाची गाडी यावी, तिथल्या कुणीतरी परस्पर सांगावं, आपण मागच्या पायरीवर असावं. पण सासूबाईंनी चमचा पुन्हा भरला आणि त्यांना ते बघवेना.

"आई, थांबा," ते म्हणाले. "पिशव्या गरम आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा गरम नाहीत. पिशव्या गरम आहेत. त्यांनी बाबा तापलेत. माझी चूक झाली. मी चुकीचा डबा आणला."

सासूबाईंच्या हातातला चमचा जिथे होता तिथेच राहिला. "पण माझ्या हातातला हात?"

"त्याच्या खालीही एक आहे."

"आणि नाडी?" मेहुणा म्हणाला. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा मनगट धरलं, या वेळी हलक्या हातानं, बराच वेळ. मग छातीला नळी लावली, डोळ्यात उजेड टाकला आणि ताठ उभे राहिले.

"म्हणजे माझा दाखला बरोबर होता," ते म्हणाले. त्यांचा जीव इतका भांड्यात पडला होता की ते चक्क हसले. मग खोलीतल्या माणसांचे चेहरे दिसले आणि ते भिंतीकडे तोंड करून आपली बॅग आवरायला लागले.

बायकोनं रजई काढली, हाताला फडकं गुंडाळलं आणि एकेक पिशवी उचलून बादलीत टाकायला लागली. मास्तर मदतीला वाकले तेव्हा तिनं त्यांचा हात बाजूला केला. सासूबाई मात्र नवऱ्याचा हात धरून तशाच बसल्या होत्या. पिशवी काढून घेतली तरी तो हात अजून काही वेळ गरम राहणार होता आणि तेवढा वेळ त्यांना हवा होता.

रुग्णालयाची गाडी नको म्हणून मेहुण्यानं कळवलं. पण थोरलीला फोन कुणी करायचा? मेहुण्यानं फोन मास्तरांच्या हातात ठेवला. जबाबदारी त्यांनीच घेतली होती, सगळ्यांनी ऐकली होती. तिनं पहिल्या घंटेलाच उचलला आणि विचारलं, "बोलले का काही?" मास्तरांनी सांगितलं.

"मग गरम कसे होते?" थोरलीनं विचारलं.

आणि मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिला समजावून सांगायला सुरुवात केली. पिशव्या होत्या, कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते, ती भोवतालच्या वस्तूला मिळते. 'वस्तूला' म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली. थोरलीनं फोन ठेवून दिला होता.

डॉक्टरांनी निघताना दारात थांबून, कुणाकडे न बघता सांगितलं की या उष्णतेनं काम बिघडलंय. आता साडेबारा. दोन-तीनचंही आता धरू नका, ताबडतोब न्या. मेहुणा म्हणाला, मग नेऊ या. सासूबाई म्हणाल्या, "तिनं चेहरा बघू दे म्हटलंय."

मास्तर उठले, स्कूटर त्यांनीच काढली. भांडारात गेले, 'कॅल्शियम क्लोराइड' लिहिलेला दुसरा डबा खाली घेतला, ओंजळभर पाण्यात चिमूटभर पूड टाकून बोट बुडवलं. गार. पुन्हा टाकली, पुन्हा बुडवलं. गार. भाजलेल्या तळव्याला तो गारवा इतका बरा वाटला की त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी त्यांच्यावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता, आणि का राहावा? सासूबाईंनी पहिली पिशवी आधी स्वतःच्या गालाला लावली, मग मुलीच्या, मग मुलाच्या, आणि सगळ्यांनी माना हलवल्यावरच ती कॉटवर जाऊ दिली. त्यानंतर सहा तास मास्तरांनी पिशव्या बांधल्या, फोडल्या, बदलल्या. या वेळी हातमोजे घातले नाहीत. पिशवी अर्ध्या तासात कोमट व्हायची. गळ्यापाशी एक, गालांच्या दोन्ही बाजूंना एकेक, कपाळावर ओलं फडकं. चारनंतर खोलीत वास जाणवायला लागला आणि खिडक्या उघडल्या गेल्या. पाचनंतर मास्तरांनी चेहऱ्यापुरतंच बघायचं ठरवलं. बाकीचं चादरीखाली होतं आणि ते चादरीखालीच राहील याच्यावर त्यांनी नजर ठेवली. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. या सगळ्या वेळात कुणी त्यांना पाणी विचारलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही.

पावणेसातला थोरली आली. बॅग दारातच टाकून सरळ कॉटपाशी गेली. मास्तर पिशव्या उचलून भिंतीला लागून उभे राहिले. चेहरा होता. थोडा सुजल्यासारखा, पण वडिलांचा चेहरा होता. थोरलीनं गालाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"किती गार गं, आई."

"आता झालेत," सासूबाई म्हणाल्या. "तू दुपारी हवी होतीस. दुपारी गरम होते. दीड तास माझा हात धरला होता त्यांनी. तुझा निरोप मी कानात सांगितला, सगळा ऐकला."

थोरलीनं आईकडे पाहिलं, मग भावाकडे. भावानं मान खाली घातली. "पण मास्तर तर फोनवर म्हणाले की पिशव्यांमुळे..."

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

सगळे भिंतीकडे बघायला लागले, जिथे मास्तर कोमट झालेल्या तीन पिशव्या छातीशी धरून उभे होते. बावीस वर्षांचं ज्ञान त्यांच्या जिभेवर आलं. थोरलीचे डोळे त्यांच्यावर खिळले होते, आणि तिला काय ऐकायचंय हे ओळखायला कुठलीही पूड लागत नव्हती.

"आई म्हणतात ते बरोबर आहे, ताई," मास्तर म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही."

त्यांच्या बायकोनं मान डोलावली. मेहुण्यानं डोलावली. दारातून डोकावणाऱ्या शेजारणींनीसुद्धा डोलावली. इतक्या वर्षांत मास्तरांचं एखादं म्हणणं त्या घरानं वाद न घालता मान्य केल्याची ही पहिलीच वेळ होती.